समोरच्या दारातले शब्द

३ फेब्रुवारी, सोमवार

आज हे बोलले! चार महिन्यांत पहिला धड शब्द. आणि तो माझ्याशी नाही.

समोरच्या दारातली शिलाईवाली कापडाचा तुकडा घेऊन आली होती. आत अस्तर कुठल्या रंगाचं लावू म्हणून. मी भांडी घासत होते. आतूनच म्हटलं, "लाल लावा की! लालच आहे ना तो?" तेवढ्यात दाराजवळच्या खुर्चीतून आवाज आला — "डा... डाळिंबी."

मला वाटलं शेजारी रेडिओ लागला. ओल्या हातांनी बाहेर आले तर हे तुकडा डाव्या हातात धरून उजेडाकडे करून बघतायत, आणि ती लहान मुलीसारखी टाळ्या पिटतेय. "वहिनी, ऐकलंत? भाऊ बोलले! डाळिंबी म्हणाले!"

ऐकलं. बहिरी नाही मी.

देवापुढे साखर ठेवली. हात जोडले आणि मनात जे आलं ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहू — देवा, द्यायचंच होतं तर माझ्या वाट्याला का नाही दिलंस? आंघोळ मी घालते. घास मी भरवते. पाय मी चोळते. आणि डाळिंबी तिला!

५ फेब्रुवारी, बुधवार

हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर रकाने आखले. तारीख, शब्द, कोणाला. सवय आहे म्हणून, बाकी काही नाही.

३ — डाळिंबी — तिला.
४ — शेवाळी — तिला.
४ — "नको, गडद" — तिला. (एका दमात दोन!)
५ — राखाडी — तिला.

मला दिवसभरात सहा वेळा "हां". "हां" हा शब्द धरायचा का, यावर बराच विचार केला. धरला नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज दवाखान्यात वाचेच्या बाईंकडे, पुन्हा बोलायला शिकवतात त्यांच्याकडे, गेलो होतो. शुक्रवारी आमची पाळी असते. मुलगीच आहे ती, आमच्या लेकीहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. यांना "काका" म्हणते.

"काका, सकाळी काय खाल्लंत?"
मी म्हटलं, "दूध-पाव."
"झोप लागली का?"
मी म्हटलं, "लागली तशी, पण कूस बदलताना हात अंगाखाली येतो ना, मग जाग येते."
"आज बसने आलात का?"
मी म्हटलं, "चालत. दोन थांबे तर आहेत, उगाच कशाला बस!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. समोरचा कागद फिरवून माझ्याकडे केला. त्यावर नुसत्या रेघा. मोजल्या. अकरा.

"काकू, अकरा प्रश्न विचारले. अकराही उत्तरं तुम्ही दिलीत. काकांनी दोनदा तोंड उघडलं होतं."

तोंडात मारल्यासारखं झालं. म्हटलं, "मग काय, माणसाला तडफडत ठेवू?"

"हो," म्हणाली. "थोडं."

तिला काय जातं म्हणायला! ऑक्टोबरात दुकानात गिऱ्हाईकापुढे ठाण उलगडता उलगडता हे खाली बसले, तेव्हा ही नव्हती. मेंदूत रक्ताची गाठ. उजवा हात लुळा. पाय ओढत का होईना चालतात, समजतं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन माघारी जातो. मी तो डोळ्यांत बघते आणि पुढचं बोलून टाकते. पाणी, पंखा, उशी, लघवी. एकदाही चूक होत नाही माझी. एकतीस वर्षांचा संसार आहे, बोट हललं की कळतं!

परत येताना पुलावर हे दमून थांबले, तेव्हा दुकानाचे मालक भेटले. स्कूटर थांबवून बोलले बिचारे. "वहिनी, जागा धरून ठेवलीय. एक मार्चला आणा यांना. पाय ओढला तर चालेल हो, हात एकच असला तरी चालेल. पण कापडाच्या काउंटरला बोलणारा माणूस लागतो. तेवढं बघा."

एक मार्च. बावीस दिवस.

छप्पन्नाव्या वर्षी, लुळा हात घेऊन, दुसरं कोण उभं करणार यांना? आणि दुकान सुटलं तर हे खुर्चीतून उठायचेच नाहीत, हे मला डॉक्टरांनी सांगायला नको.

१० फेब्रुवारी, सोमवार

आता ती येत नाही. हेच जातात! दुपारी तीन वाजले की भिंत धरून उठतात, काठी घेतात, दोन दारांमधला बोळ ओलांडतात. सहा पावलं. मी हात द्यायला गेले तर झटकला.

आज तर कहर. कपाटाकडे बोट केलं. मी रोजचा सदरा काढला. मान हलवली — नाही. इस्त्रीचा! समोरच्या दारात जायला इस्त्रीचा सदरा!

तिच्यात आहे काय? पन्नाशीची बाई. गळ्यात टेप, दातांत टाचण्या, केसांत दोरे. टाचण्या धरूनच बोलते, निम्मं कळत नाही. आणि वर "भाऊ" म्हणते. भाऊ! मशीन बंद पडतं मधेच आणि हसण्याचा आवाज येतो. दोघांचा.

हे हसतात. मला माहीतच नव्हतं की हसू शिल्लक आहे.

जप आज तीनदा चुकला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीचा फोन. सगळं सांगितलं.
"आई, तू जळतेस का गं?"
"मी? मी कशाला जळू त्या शिवणवालीवर!"
"मग आवाज का चढला?"
फोन ठेवला. तिकडून पैसे तिचे जात होते, तरी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज मौन धरलं. देवापुढे दिवा लावून सांगितलं — सकाळपासून सांजवेळेपर्यंत एक शब्द बोलणार नाही. यांची वाचा मला ऐकू दे. बाई म्हणतात ना तडफडू द्या, तर देऊ.

चहा न बोलता दिला. आंघोळ न बोलता घातली. नऊच्या सुमारास यांनी माझ्या कपाळावर आडवा हात ठेवून बघितला, ताप आहे का म्हणून. मी हसून मान हलवली. दहाला पाण्याचा पेला आणून दिला — डाव्या हाताने, अर्धा सांडत. पंखा लावला. बंद केला. माझ्या तोंडाकडे बघत बसले. मी माळ ओढत होते. मनात म्हणत होते, विचारा ना! "काय झालं" एवढं तरी विचारा! ओठ हलले. हलले! मी श्वास रोखून धरला —

आणि काठी घेऊन समोर गेले.

दोन मिनिटांत ती थर्मामीटर घेऊन हजर. टाचण्या काढून मुठीत धरलेल्या. "वहिनी, काय होतंय? भाऊ म्हणाले — 'ही बोलत नाही. भीती वाटते.'"

पाच शब्द! माझ्याबद्दल! तिला!

"मला काहीही झालेलं नाही!" मी ओरडलेच. साडेदहाला मौन सुटलं.

देवा, माफ कर. हसू आलं का रे तुला?

१५ फेब्रुवारी, शनिवार

सांगून टाकलं तिला. दार अर्धंच उघडून. "यांना आता थोडे दिवस विश्रांती हवी. दुकानाची तारीख जवळ आली." खोटं नव्हे, पण खरंही नव्हे.

"बरं वहिनी," म्हणाली. हातात तुकड्यांची पिशवी होती, ती मागे घेतली. "मी आपली स्वार्थीच. मला फुकटात जाणकार मिळाला होता."

दार लावलं. कडी घातली. तीन वाजता हे इस्त्रीचा सदरा घालून (एका हाताने! बटणं उलटसुलट) दाराशी आले. कडीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. खुर्चीत बसले.

मी रंगाचे तुकडे माझ्या शिवणाच्या डब्यातून काढून समोर मांडले. "हा कुठला, सांगा बघू. हा आकाशी ना? आणि हा तपकिरी. हो ना?"

"हां," म्हणाले.

१६ फेब्रुवारी, रविवार

काही नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काही नाही. मशीनचा आवाज आला की मान तिकडे वळते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वाचेच्या बाईंनी हिरवा कागद दाखवला, पिवळा दाखवला, राखाडी दाखवला. हे खिडकीबाहेर बघत बसले. "हां" सुद्धा नाही. आज मी तोंड शिवून बसले होते, एकदाही मधे बोलले नाही, तरी!

"मागच्या शुक्रवारी, चौदा तारखेला, सात रंग सांगितले होते," बाई म्हणाल्या. "घरी काही बदललं का?"

"नाही," मी म्हटलं.

येताना हे पुढे आणि मी मागे. रस्ताभर मनात एकच — देवळात जाऊन खोटं बोलले असते तर निदान पायरीवर नाक घासता आलं असतं. दवाखान्यात कुठे घासू?

घरी आल्यावर कडी काढली. दार सताड उघडं ठेवलं आणि आत जाऊन भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली. साबण वाया गेला.

तीनला काठीचा आवाज. सहा पावलं.

तिथून तिचा आवाज — "आलात का! अहो, हा बघा कसला विचित्र रंग आणलाय गिऱ्हाईकाने, मी तर म्हणते चिखल!"

मग यांचा — "चि... चिखल नाही. आ... आमसुली."

बरं वाटलं. आणि पोटात दुखलंही. दोन्ही एकाच ठिकाणी.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या. जीव टांगणीला. सदरा धुऊन, वाळवून, इस्त्री करून दाराच्या मागे लावला. जुन्या चपलेला मोचीकडून टाके घालून आणले, नवीची चैन नको. एकवीस माळा केल्या.

१ मार्च, शनिवार

माझ्याच हाताने वाटोळं केलं. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

दुकानात सगळे उठून उभे राहिले. एक तरुण सेल्समन तर पाया पडला. "काका, तुमच्याशिवाय दुकान सुनं! दुपारी जेवताना गोष्टी कोण सांगणार?" दुसरा म्हणाला, "काकू, यांचं तोंड दिवसभर बंद नसायचं हो. गिऱ्हाईक हसत हसत दोन मीटर जास्तच घेऊन जायचं."

हे? गोष्टी? आमच्याकडे तर दुकानातून आले की गप्पच. मी समजायची, दमून येतात.

मालकांनी काउंटरमागे उभं केलं. मला गिऱ्हाइकांच्या बाकावर बसवलं. एक बाई आल्या, पडद्याचा नमुना घेऊन, बरोबर मुलगी. "याला मिळतं काही आहे का?" यांनी नमुना हातात घेतला. उजेडाकडे धरला. चेहरा अगदी पूर्वीचा झाला. ओठ जुळले — "मो... मो..."

बाई मुलीकडे बघू लागल्या. मुलगी घड्याळाकडे. "मो..."

आणि बाकावरून माझा आवाज — "मोतिया! मोतिया म्हणायचंय त्यांना!"

मी बोलले हे मलाच नंतर कळलं. सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं. यांनी नमुना काउंटरवर ठेवला. तोंड मिटलं. ते पुढे तासभर उघडलं नाही.

आणि वर चूकही माझीच. मोतिया नव्हताच तो! मालकांनीच कपाटातलं ठाण काढून जुळवलं. "मोरपंखी किनार होती, वहिनी. ते किनारीचं सांगत होते."

मालक रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "वहिनी, तुम्हीच या कामाला!" म्हणून हसले. मग बाजूला घेऊन म्हणाले, "पंधरा तारखेला पुन्हा बघू. शेवटचं. आणि राग मानू नका — तुम्ही येऊ नका. दुसऱ्या कुणाला पाठवा सोबत."

दुसरं कोण आहे?

आहे. ते मलाही माहीत, यांनाही माहीत, देवालाही माहीत.

४ मार्च, मंगळवार

दोन दिवस नाक वर करून काढले. आज सहा पावलं मी चालले.

नऊ वर्षांत तिच्या उंबऱ्याच्या आत गेले नव्हते. एकच खोली. मशीन खिडकीशी, भिंतीवर दोऱ्याला टाचलेले तुकडेच तुकडे, पलंगावर अर्धे शिवलेले कपडे. झोपायला जागा कुठे करते कोण जाणे. मशीनसमोर एक खुर्ची. हेच बसत असणार. खुर्चीच्या पाठीला उशी बांधलेली — कमरेला लागू नये म्हणून. हे मला सुचलं नव्हतं.

सांगितलं सगळं. मोतियाचं सुद्धा.

हसली नाही. टाचण्या काढून सुयांच्या उशीत टोचल्या. "वहिनी, एक सांगू? मला भाऊंचं काही कळत नाही. मठ्ठ आहे मी. 'मो' म्हणाले की मी मोगरा म्हणते, मोटार म्हणते, मोलकरीण म्हणते. वैतागतात आणि स्वतःच बोलतात. तुम्हाला एका बोटात कळतं. माझं कसं व्हायचं?"

मी म्हटलं, "पंधराच्या शनिवारी याल का यांच्यासोबत?"

"त्या शनिवारी माझे चार कपडे द्यायचे आहेत. काजं-बटणं व्हायची आहेत सगळ्यांची."

"ती मी करते."

"तुम्ही?"

"मॅट्रिकला शिवण होतं मला. बटण लावताना दोरा वाया घालवत नाही मी, बघा."

तेव्हा हसली.

१४ मार्च, शुक्रवार

रोज दुपारी काजं करते. तिच्याकडे जात नाही, घरीच आणते. तिकडे त्या दोघांचं चालू असतं. दार उघडं ठेवते म्हणजे ऐकू येतं. ऐकू येतं म्हणजे सुई बोटात जाते.

रकान्यांची पानं आता दोन झाली. कोणाला — तिला, तिला, वाचेच्या बाईंना, तिला, फोनवर लेकीला ("ये, बघायला"), तिला, दूधवाल्याला ("उद्या जास्त"). दूधवाल्याला!

१५ मार्च, शनिवार

नऊला दोघं निघाले. मी जिन्याच्या तोंडाशी उभी. ती पुढे एक पायरी, हे मागे, हात तिच्या खांद्यावर. मी मान फिरवली.

दुपारपर्यंत तिच्या खोलीत, त्या खुर्चीत बसून बटणं लावली. तिथून आमचं दार समोर दिसतं. आमचं घाण झालेलं पायपुसणं दिसतं. बत्तीस बटणं. प्रत्येक बटणाला एकदा नाम घेतलं.

दीडला आले. तिनेच सांगितलं, धापा टाकत, जिन्यातूनच. "वहिनी, ठेवलं! ठेवलं भाऊंना! सोमवारपासून अर्धा दिवस, अस्तरांच्या काउंटरला!"

मग बसून सगळं. "मी पोहोचल्या पोहोचल्या दातांत टाचण्या धरल्या. म्हटलं, तोंड उघडताच येऊ नये. एक म्हातारे आले, भडक निळं कापड उचललं, म्हणाले, हे द्या नातीला. भाऊंनी त्यांचा हातच धरला. 'हे... हे...' म्हातारे थांबले, मालक थांबले, मला तर टाचणीच टोचली. किती वेळ! आणि मग म्हणतात कसे — 'हे... धुतल्यावर... उतरेल. ते घ्या. टिकेल.' मालक म्हणाले, हा माणूस विकायला आलाय की परत पाठवायला? पण म्हाताऱ्यांनी दोन्ही घेतली! एक नातीला, एक... भाऊ, दुसरं कुणाला हो?"

"बाय... बायकोला," हे म्हणाले. आणि दोघं हसली.

मी तिचे हात धरले. रडले. खरोखरच्या आनंदाने रडले, हे देवाशपथ लिहिते. आणि त्याच वेळी मनात — ते "धुतल्यावर उतरेल" मी का नाही ऐकलं? त्या म्हाताऱ्याने ऐकलं, मालकाने ऐकलं, तिने ऐकलं. पाच महिने देवाकडे मी मागितलं आणि त्याने वाटून टाकलं साऱ्या गावात!

दिवा लावला. साखर ठेवली. दोनच दाणे कमी ठेवले. रागाने.

१७ मार्च, सोमवार

कामाचा पहिला दिवस. एकटे गेले, एकटे आले. जेवायला बसले. मी काही विचारलं नाही. भात वाढला, पाणी वाढलं, वाट बघितली. जेवण संपत आलं, तरी नाही.

मग माझं सुटलंच. "दुकानात बोलता. समोर बोलता. दूधवाल्याशी बोलता. माझ्याशी तेवढं नाही! आजारी पडल्यापासून एक वाक्य नाही!"

पेला खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. पुढचं मला सुचत होतं, चार-पाच प्रकारांनी सुचत होतं, पण मी ओठ दातांत धरले.

म्हणाले, "आधी... सुद्धा... नाही."